आबांचं पाऊल कुठे अडलं?

जिना चढतो, पण जिन्यापर्यंत जाताना अडतो. सांगा बघू, असा माणूस कोण?

उगाच डोकं खाजवू नका, हा उखाणा नाही. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ऋता निकम नावाच्या मुलीच्या घरी हे रोज घडायचं, आणि घडायचं ते तिच्या आबांच्या बाबतीत. गोष्ट जरा पुढच्या काळातली आहे, बरं का. तुमची मुलं शाळेत जायला लागतील ना, साधारण तेव्हाची. तेव्हा घरोघरी यंत्रमानव असतील, गाड्या आपापल्या चालतील, पण माणसाचा मेंदू मात्र आज आहे तसाच असेल. तितकाच हुशार आणि तितकाच नाजूक.

तर त्या दिवशी सकाळी आबा गच्चीवरच्या झाडांना पाणी घालायला निघाले. खोलीच्या दारापर्यंत आले आणि थांबले. थांबले म्हणजे काय, खिळलेच. टाचा उचलल्या जात होत्या, गुडघे थरथरत होते, पण पाऊल काही जमिनीवरून सुटेना. मागे टेकू उभा होता. टेकू म्हणजे घरचा यंत्रमानव. आबांच्या कमरेला त्यांच्या चालण्याची नोंद ठेवणारा पट्टा होता, त्याला हात लावून तो दिवसभर त्यांच्या मागे असायचा.

ऋताचं दप्तर आबांच्या खोलीत होतं आणि शाळेची वेळ झाली होती. "चला ना आबा! उजवा पाय टाका, उजवा! अहो, टाका ना!"

ती जितकी घाई करी, तितके आबा जास्तच खिळत. शेवटी टेकूने त्यांना हळूच डावीकडे-उजवीकडे डोलवलं, तेव्हा कुठे एक पाय सुटला. बारीक बारीक पावलं टाकत आबा जिन्याशी पोचले. आणि मग काय विचारता! एक पायरी, दुसरी, तिसरी. कठडा धरून आबा बघता बघता वर गेलेसुद्धा.

बाबा आरशासमोर दाढी करत होते. त्यांनी सगळं पाहिलं. "बघितलंस?" ते आईला म्हणाले. "जिना चढायला पाय आहेत आणि सपाट जमिनीवर नाहीत? झोपलेल्याला जागं करता येतं गं, सोंग घेतलेल्याला नाही."

"हळू बोल, मकरंद," आई म्हणाली. "त्यांचे कान अजून तिखट आहेत."

आता तुम्ही म्हणाल, काय दुष्ट माणूस आहे हा! तसं नव्हतं हो. आबांना पार्किन्सनचा आजार होता, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो. हात थरथरायचे, हालचाल मंदावली होती. ते पडू नयेत म्हणून याच बाबांनी वैशाखात सगळं घर उकरलं होतं. जुनी शहाबादी फरशी काढली, कारण तिच्या सांध्यांत पाय अडकेल. उंबरे काढले, कारण उंबऱ्याला ठेच लागेल. त्या जागी ओतीव फरशी आणली. सांधा नाही, रेघ नाही, ठिपका नाही. दाराबाहेरच्या पायरीपासून मागच्या मोरीपर्यंत सगळं घर दुधासारखं पांढरं आणि एकसारखं. बाबांनी त्यासाठी सुट्टीच्या दिवशीही काम केलं होतं.

आणि तरीही आबा पडले. एकदा दारात, एकदा पॅसेजमध्ये. दुसऱ्या वेळी कपाळाला खोक पडली. दिवसा घरी कुणी नसायचं. आई तंत्रनिकेतनात शिकवायची, बाबा कण्हेर धरणावर कामाला, ऋता शाळेत. टेकू पडलेल्या माणसाला उचलू शकायचा, पण पडणाऱ्याला झेलण्याइतका चपळ तो नव्हता. बाबा घाबरले होते. घाबरलेला माणूस पुष्कळदा रागावल्यासारखा दिसतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

म्हणून ठरलं होतं, की गौरी-गणपती होऊ देत. गौरींचं विसर्जन झालं की आबांना पुण्याच्या आधारनिवासात ठेवायचं. तिथे दिवसभर चाकांच्या खुर्चीत बसवून पट्टा लावतात. उभंच राहायचं नाही, म्हणजे पडायची भीती नाही.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रमानवांना चालायला शिकवलं, तो "बरं" म्हणाला. हो, आबांचं कामच ते होतं. भोसरीच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली कित्येक यंत्रमानव पहिलं पाऊल टाकायला शिकले. टेकू त्यांतलाच एक. गडाच्या वेड्यावाकड्या पायऱ्या न धडपडता उतरणारा तो त्यांचा पहिला यंत्रमानव. आता तोच त्यांना धरून चालवत होता.

ऋताला ते "बरं" फार लागलं. पण त्याहून वाईट म्हणजे बाबांचं बोलणं तिच्या मनात घर करून बसलं. गौरींच्या आवाहनाच्या आदल्या दिवशी आबा पुन्हा पॅसेजमध्ये अडले, तेव्हा तिच्या तोंडून निघूनच गेलं, "आबा, तुम्ही मुद्दाम करता का हो?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. फक्त त्यांचा हात जास्त थरथरायला लागला.

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या.

आईने तांदळाचं पीठ भिजवलं होतं. ऋताने मूठ वळली, त्यात बुडवली आणि फरशीवर टेकवली, की उमटलं पाऊल. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले की झाली बोटं. डावं पाऊल, उजवं पाऊल, डावं, उजवं. दारापासून प्रत्येक खोलीत आणि तिथून मखरापर्यंत तिने गौरीची पावलं काढली. पांढऱ्या फरशीवर पांढरं पीठ दिसेना, म्हणून त्यात कुंकू मिसळलं.

मग आईने तुळशीपासून मुखवटे उचलले. ऋता घंटा वाजवत पुढे. "गौरी आली, गौरी आली! कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली!" आई म्हणाली.

"गौरी आली, गौरी आली! कशाच्या पावलांनी आली?"

"हळदी-कुंकवाच्या पावलांनी आली!"

स्वयंपाकघर झालं, माळ्याखालची खोली झाली, आबांची खोली झाली. गौरी मखरात बसल्या. ऋताने घंटा खाली ठेवून सहज मागे पाहिलं, आणि ती बघतच राहिली.

आबा येत होते. टेकू दोन हात मागे राहिला होता. गौरीच्या पावलांवर पाय पडू नये ना, म्हणून आबा एकेक पाऊल नीट बघून, पाय चांगला उचलून ते ओलांडत होते. एक ओलांडलं, दुसरं ओलांडलं. दारात थांबले नाहीत. पॅसेजमध्ये थांबले नाहीत. थेट मखरापर्यंत आले आणि हात जोडले. मग खुर्चीकडे वळले. आणि तिथे, त्या कोऱ्या पांढऱ्या फरशीवर, पुन्हा खिळले.

"वा!" बाबा म्हणाले. "गौरी बघायची हौस होती तेव्हा पाय चालले. आता बसायचं आहे तर अडले?"

आई म्हणाली, "मकरंद, सणाचा दिवस आहे." पण शब्द सुटून गेला होता. टेकूने आबांना धरून खुर्चीत बसवलं. जेवताना त्यांनी भाजी-भाकरीचा एक घाससुद्धा घेतला नाही.

दुपारी ऋता गच्चीवर गेली. आबा टोमॅटोच्या कुंड्यांजवळ बसले होते, टेकू झारी धरून उभा होता. ती त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

"आबा, मी काल वाईट बोलले. रागावलात?"

"रागावलो नाही, पोरी. वाईट वाटलं."

"पण तुमच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही."

"दिसणार कसं? या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. आत रडू येत असतं आणि बाहेर नुसता दगड. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला कशाचंच काही नाही." आबांचा आवाजही बारीक झाला होता, कान देऊन ऐकावं लागायचं. "मला सगळ्याचं सगळं असतं."

ऋताला रडू आलं. ते पुसून तिने विचारलं, "अडता तेव्हा नक्की काय होतं हो?"

"पाय गोंदाने चिकटवल्यासारखे होतात. मी हुकूम सोडतो, चल. पाय ऐकत नाहीत. मागून कुणी घाई केली की आणखीच चिकटतात."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

 आबा हळूच म्हणाले, "नाही. त्या दर खेपेला पडद्यावर विचारतात, चालणं कसं आहे? मी बसल्या जागेवरून सांगतो, झकास. अगं, यंत्रांना चालायला शिकवणारा माणूस मी. कोणत्या तोंडाने सांगू?"

ऋताने कपाळाला हात लावला. "आबा! वर्गात मी चूक लपवली की तुम्हीच ओरडता ना?"

"ओरडतो," आबांनी कबूल केलं.

मग ऋता टेकूकडे वळली. "टेकू, आबा कुठे कुठे अडतात?"

टेकूला ठरवून काही लपवता येत नाही. तो म्हणाला, "दारात. पॅसेजमध्ये. वळताना. जिन्यावर कधीच नाही. जुन्या फरशीवर क्वचित. नव्या फरशीवर रोज."

"आणि आज सकाळी?"

"गौरीच्या पावलांवरून येताना नाही. पावलं संपल्यावर लगेच."

आबा ताठ बसले. चेहरा तसाच दगडासारखा, पण डोळ्यांत काहीतरी हललं, ते ऋताने पाहिलं. "थांब, थांब. जिन्याला काय असतं? प्रत्येक पायरीला कड असते. शहाबादीला सांधे होते. आणि आज पावलं होती."

"म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काहीतरी! प्रत्येक पावलाला एक!"

"वाटतं खरं तसं. पण नुसत्या वाटण्याला शास्त्रात किंमत नाही. तपासून बघायचं. आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची." कितीतरी दिवसांनी आबा कारखान्यातल्यासारखे बोलत होते.

"पण आबा, सपाट जमीन तर सोपी ना? मग पाय तिथेच का अडतात?"

"तू सायकल शिकलीस ते आठवतं? पहिल्या दिवशी काय काय बघत होतीस?"

"हँडल, पेडल, ब्रेक, आणि समोरची म्हैस," ऋता म्हणाली.

"आणि आता?"

"आता गप्पा मारत जाते. काहीच बघत नाही. म्हणजे, म्हैस बघते."

"तेच तर शिकणं. सुरुवातीला मेंदूचा वरचा थर एकेका हालचालीकडे लक्ष देऊन हुकूम सोडतो. पुन्हा पुन्हा केलं की पेशींमधले दुवे पक्के होतात आणि ते काम मेंदूच्या खोल गाभ्यातल्या पेशींच्या पुंजक्यांकडे जातं. ते पुंजके सवयीच्या हालचाली एकामागून एक, न सांगता चालू ठेवतात. तू चालताना डावा पाय, उजवा पाय असं म्हणतेस का? नाही. त्या पुंजक्यांचं काम नीट चालायला डोपामिन लागतं (पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्यांतलं एक रसायन). ते बनवणाऱ्या पेशी माझ्या डोक्यात मरत चालल्यात. म्हणून सवयीचं चालणं मध्येच तुटतं. सपाट जमिनीवर माणूस नुसत्या सवयीने चालतो, म्हणून तिथेच घोडं अडतं."

"आणि रेघ दिसली की?"

"खंबाटकीचा बोगदा बंद असला की गाड्या कुठून जातात?"

"जुन्या घाटाने."

"हळू जातात, वळणं घेत जातात, पण पोचतात. तसंच असावं. रेघ दिसली की डोळे वरच्या थराला सांगतात, हे ओलांडायचं आहे. मग लक्ष देऊन टाकलेलं पाऊल दुसऱ्या वाटेने जातं. ती वाट माझी अजून शाबूत आहे." आबा थांबले, आणि टेकूच्या गुडघ्याकडे बघत राहिले. "देवा रे."

"काय झालं?"

"याच्या गुडघ्यात दिवा आहे. खडबडीत जागी तो जमिनीवर उजेडाची रेघ टाकतो आणि तिच्यावरून पाऊल ठरवतो. मीच बसवला तो. घरात सपाट फरशी आली म्हणून याने आपणहून बंद केला." आबांचा आवाज आणखी बारीक झाला. "यंत्राला रेघ दिली मी. स्वतःला द्यायचं सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या सकाळी, आई-बाबा सोळा भाज्या निवडत बसले होते. ऋताने पॅसेज स्वच्छ पुसून घेतला. तिथे कालच्या कुंकवाच्या पिठाने तिने आडव्या रेघा मारल्या, आबांच्या एका पावलाइतक्या अंतरावर. मध्ये बराच तुकडा मुद्दाम कोरा ठेवला, आणि पुढे पुन्हा रेघा.

आबा निघाले. रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली, तिसरी. कोरा तुकडा आला आणि पाय चिकटले. ऋताने "चला ना" म्हटलं नाही. ती खाली वाकली, बोट पिठात बुडवलं आणि आबांच्या अंगठ्यापुढे एक रेघ ओढली. पाय उचलला, रेघेपलीकडे पडला. तिने आणखी एक ओढली. आणखी एक पाऊल. अशी ती गुडघ्यांवर मागे मागे सरकत रेघा ओढत गेली आणि आबा तिच्यामागून चालत आले.

"बाबा!" ती ओरडली. "आई! लवकर या!"

बाबा हातात भेंडी घेऊनच आले. त्यांनी पाहिलं. आबांनी पुन्हा चालून दाखवलं, आणि ऋताने मधल्या रेघा पुसल्या तेव्हा तिथेच ते पुन्हा अडले. पण बाबाही यंत्राशी काम करणारा माणूस. ते म्हणाले, "अगं, पण त्यांना ठाऊक आहे कुठे अडायचं ते. हे सिद्ध कसं होतं?"

राग येण्यासारखं बोलणं होतं, पण प्रश्न खोटा नव्हता.  तेव्हा आबाच म्हणाले, "टेकू, डॉक्टर तांबोळींना लाव. आणि माझ्या पट्ट्याने नोंदवलेलं सगळं त्यांना पाठव. काही लपवू नकोस."

पडद्यावर डॉक्टर शबनम तांबोळी आल्या. त्या मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर. त्यांनी पट्ट्याची नोंद पाहिली, ऋताच्या रेघा पाहिल्या आणि आधी आबांना चांगलंच झापलं.

"निकमकाका, किती महिने 'झकास' सांगताय मला? ही चाल गोठण्याची गोष्ट आम्हाला नवी नाही. रेघांचा उपाय तर माझ्या आजेगुरूंच्याही आधीपासूनचा आहे. पण पेशंटनं सांगितलंच नाही, तर मी काय कुंडली मांडून ओळखायचं?"

"चुकलं माझं," आबा म्हणाले.

"डॉक्टर," बाबा मध्येच म्हणाले, "स्पष्ट विचारतो. हे ठरवून होत नसेल कशावरून?"

 डॉक्टरांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. "ही तुमच्या वडिलांच्या पायांची नोंद, अडलेले असतानाची. बाहेरून तुम्हाला काय दिसतं? उभे आहेत, चालत नाहीत. आता ही रेघ बघा. किती बारीक आणि वेगाने खालीवर होते आहे. ही गुडघ्यांची थरथर. इतकी जलद आणि इतकी सारखी थरथर चाल गोठते तेव्हा दिसते. तुम्ही ठरवून करून बघा बरं."

बाबांनी करून पाहिलं. तिथल्या तिथे त्यांचे पाय दोन-चार वेळा वेडेवाकडे हलले आणि थांबले.

"जमलं नाही ना? थांबलेला माणूस शांत उभा असतो, मकरंदराव. हे पाय थांबलेले नाहीत. हे निघायचा प्रयत्न करतायत. दर वेळी, सगळा वेळ."

बाबांनी आलेखाकडे पाहिलं. मग आबांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या हातातली भेंडी कधी खाली पडली ते त्यांना कळलंही नाही.

"आणि ही फरशी कुणी सुचवली?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. "पडू नयेत म्हणून." त्यांचा आवाज फुटला. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी यांच्या वाटेतली प्रत्येक रेघ पुसली, डॉक्टर. वर यांनाच सोंगाडे म्हणालो."

 आबा खुर्चीतून म्हणाले, "मकरंद, ठेच लागू नये म्हणूनच केलंस ना रे? चुकीचं होतं. वाईट नव्हतं."

डॉक्टरांनी मग सगळं नीट समजावलं. रेघेने आजार बरा होत नाही, आणि प्रत्येकाला तिचा सारखाच उपयोग होतो असंही नाही. कुणाला रेघ लागते, कुणाला ताल. औषधाची वेळ चुकवायची नाही, चालण्याचा सराव शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली रोज करायचा आणि टेकूने पट्टा सोडायचा नाही. अडले की घाई करायची नाही. थांबा, श्वास घ्या, मग रेघ बघा.

"आणि आधारनिवास?" ऋताने विचारलं.

"सध्या तरी मला गरज दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उलट ज्यांना चालता येतं त्यांना दिवसभर बांधून बसवलं, तर उरलेलं चालणंही जातं. आणि एक सांगू का, ऋता? मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी रुजवायचं काम जगात ठिकठिकाणी चाललं आहे. अजून हाताशी आलेलं नाही. पण येईल तेव्हा चालतं ठेवलेले पाय लागतील."

विसर्जनाच्या दिवशी ऋताला जाग आली ती कसल्याशा खसखस आवाजाने. ती बाहेर आली. बाबा पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसले होते. शेजारी लाल रंगाचा डबा, हातात ब्रश, आणि आबांची एक जुनी चप्पल. चपलेने अंतर मोजायचं आणि रेघ मारायची. आपली ती लाडकी, दुधासारखी फरशी त्यांनी मोरीपर्यंत रेघांनी भरून टाकली होती. आबांच्या खोलीच्या दारात, जिथला उंबरा त्यांनी स्वतः काढला होता, तिथे एक जाड पट्टा ओढला होता.

"बाबा, उंबरा परत आला," ऋता म्हणाली.

"हो गं. या वेळी ठेच न लागणारा." त्यांनी नाकावरचा रंग पुसला आणि तो गालाला फासला. "आणि पुण्याला नको म्हणून कळवलंय. दिवसा मी आणि आई पाळीपाळीने घरून काम करणार."

संध्याकाळी गौरींना दहीभाताचा नैवेद्य दाखवला. आईने मुखवटे हलवले. निघायची वेळ झाली तरी आबा आले नाहीत. दर वर्षी गौरींना निरोप द्यायला ते दारापर्यंत यायचे. ऋता बोलवायला निघाली, तर बाबांनी तिचा हात धरला. "घाई नाही करायची," ते म्हणाले.

सगळे थांबले. आतून टेकूच्या पायांचा आवाज आला. मग खोलीच्या दारात आबा दिसले. लाल पट्ट्याशी ते थबकले. गुडघे थरथरले. या वेळी कुणी "चला" म्हणालं नाही, कुणी उसासा टाकला नाही. टेकूने गुडघ्यातला दिवा लावला, पण आबांनी मान हलवली, नको. त्यांनी श्वास घेतला, खाली पट्ट्याकडे पाहिलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला. मग पुढची रेघ, मग त्याच्या पुढची.

बाबांनी देवापुढची घंटा उचलली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाज नीट निघत नव्हता, तरी ते ऋतासारखं, सणासारखं म्हणाले, "आबा आले, आबा आले! कशाच्या पावलांनी आले?"

आबा शेवटची रेघ ओलांडून त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर नेहमीसारखं काहीच नव्हतं. पण आता त्या घरात कुणीही त्यावरून फसणार नव्हतं.

"माझ्या पावलांनी आलो रे," आबा म्हणाले.